कबूल केलेला पेढा

दादा, काल तुझं गोड जेवण झालं.

तेरवी आटोपली की सोयरे येतात, गोडाचं करतात आणि घरच्या प्रत्येकाच्या तोंडात एक घास घालतात. तो घास घेतला की दुखवटा संपला, असं आपल्याकडे मानतात. म्हणून त्या घासाला कोणी नाही म्हणत नाही. काल शिरा होता. पहिलं ताट तुझ्या फोटोसमोर मांडलं. त्यात शिऱ्याची मूद, वर काजू, कडेने तूप ओघळतंय. मी ते पाहिलं आणि काहीही विचार न करता पुढे झाले, मूद वाटीत काढली आणि वाटी ताटाबाहेर ठेवली. इतक्या वर्षांची सवय. तुझ्या ताटातलं गोड काढून घेणं हे माझंच काम होतं.

सगळे बघत राहिले. वहिनीने वाटी उचलली आणि शिरा परत ताटात ठेवला.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "आता काय होणार हाये त्यायले?"

मी मागे सरकून भिंतीशी बसले. रडू आलं नाही, राग आला. कोणाचा ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही.

तसा राग हे सगळे दिवस येतच होता. लोक भेटायला येत होते. सोयाबीन सोंगणीचे दिवस, तरी हातातलं काम टाकून आले, हे खरंच आहे. पण ओट्यावर टेकले की बोलणं फिरून फिरून तिथंच. "शुगर होती ना?" "हाव, शुगर होती." "गोड लय खाये माणूस." एकाने तर तुझ्या जिलेबीचा किस्सा सांगून चार माणसांना हसवलं. मी आतून बाहेर आले आणि म्हणाले, "राखीपासून त्यानं साखरेचा कण तोंडात घातला नाही. डॉक्टरनं हार्टचं सांगतलं हाये. माहीत नसन तर बोलू नका." ओटा एकदम गप्प झाला, शाळेत माझा वर्ग होतो तसा. तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तरीण आली, पाट्या काढा बे."

तू हे म्हणायला नव्हतास. मी आत जाऊन पाणी प्यायले.

खरं तर त्यांचा फार दोष नाही. तुझी कीर्तीच तशी होती. आपल्या लहानपणी आई भाऊबीजेला एकच पेढा आणायची. मी ओवाळून तो तुझ्या तोंडात घालायची, तू दातांनी अर्धा तोडायचास आणि उरलेला अर्धा माझ्या तोंडात कोंबायचास. आई ओरडायची, उष्टं देतोस का म्हणून. तू म्हणायचास, "तिनं ओवाळलं, तिची मजुरी हाये ते." पुढे माझं लग्न झालं, चिखलीला गेले, शाळेत लागले, पिशवीभर पेढे आणायची ऐपत आली. तरी पहिला पेढा तू अर्धाच खायचास. माझे केस पिकायला लागले तरी उरलेला अर्धा माझ्या तोंडात कोंबणं काही सोडलं नाहीस.

मग तुला शुगर निघाली. पायात काटा मोडला होता आणि जखम भरून येईना. तू हळद दाबत बसला होतास. मी तुला ओढत चिखलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, गोळ्या लिहून दिल्या, गोड बंद म्हणाले. तू गंभीर चेहऱ्याने विचारलंस, "साहेब, कायमचं, का पोळ्यापर्यंत?" त्यांना वाटलं तू चेष्टा करतोस. तू चेष्टा करत नव्हतास हे फक्त मला कळत होतं.

तू मनावर घेतलं नाहीस असं कोणी म्हणू नये. लगेच हिवरा आश्रमला जाऊन आलास आणि घरी येऊन जाहीर केलंस की साखर सोडली. तिथे हात जोडून सोडली, म्हणजे आता मोडायची सोय नाही. वहिनीचा जीव भांड्यात पडला. साखरेचा डबा तिने माळ्यावर टाकला. पुढच्या वेळी तपासलं तर आकडा खाली यायच्या ऐवजी वर. मी सुट्टीत आले, घर धुंडाळलं, तर कणगीमागे काळ्या गुळाची ढेप, अर्धी संपलेली.

"काऊन वं, मी साखर सोडतो म्हणलं," तू म्हणालास. "गुळाचं कोण बोललं?"

"गूळ म्हणजे काय असते दादा?"

"गूळ देशी असते. त्याच्यात लोह असते. तूच शिकवते ना पोराईले?"

शिकवते खरी. ढेप उचलली आणि एसटीत मांडीवर घेऊन चिखलीला गेले.

मग तू उपास धरायला लागलास. जन्मात कधी एकादशी न केलेला माणूस सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळं करायला लागला. मला फोनवर ऐकून भरून आलं होतं. नंतर वहिनीने ताटाचं वर्णन केलं: राजगिऱ्याचे लाडू, खजूर, रताळ्याच्या गोड फोडी, वर साबुदाण्याची खीर. तुझा हिशेब सरळ होता, उपासाला जे चालतं ते शुगरलाही चालतं. मी भांडले तर म्हणालास, "देवाले चालते अन् तुह्या डॉक्टरले चालत नाही? देवापेक्षा मोठा हाये का तो?" गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी तुझ्या बाजूने माना हलवल्या. तो वाद मी हरले. उपास मात्र बंद करवले.

आणि शेवटी ती डबी मीच आणली. बारीक पांढऱ्या गोळ्यांची, वरून दाबली की खालून एक गोळी टपकन पडते. साखर नाही, पण गोड लागतं, असं मी तुला समजावलं. तुला गोळीपेक्षा ते दाबणं जास्त आवडलं. बंडीच्या खिशात डबी कायमची राहायला आली. दुसरबीडच्या टपरीवर तू ऐटीत बिनसाखरेचा चहा मागायचास आणि सगळे बघतायत याची खात्री करून मग गोळी पाडायचास. डबी हातोहात फिरायची. माणसं गोळी जिभेवर ठेवून पाहायची आणि तोंडं वाकडी करायची. तू त्यांना समजावायचास, "दम धर बे. हिची गोडी एसटीसारखी हाये. उशिरा येते, अन् आली का मंग हालत नाही."

मला वाटलं, चला, जमलं.

पोळ्याला कळलं की जमलेलं नाही. मी आणि वहिनीने तुझ्यासाठी त्याच गोडीच्या पावडरीचं पुरण घातलं. गूळ घातला की डाळ आधी पातळ होते, मग आळत आळत घट्ट येते. इथे काही वितळलंच नाही. डाळ कोरडीच राहिली, पोळी लाटताना फाटत होती, आणि होती नव्हती ती गोडी तव्यावर उडून गेली. बैलासाठी आणि बाकी घरासाठी गुळाचं पुरण वेगळं. तू पूजा केलीस, तांबड्याला पोळी भरवलीस, आणि मग तुझं ताट घेऊन त्याच्याच समोर बसलास. तो तूप लावलेली पोळी चघळत होता, जिभेने नाक पुसत होता. तू एक घास खाल्लास, थांबलास, त्याच्याकडे बघत राहिलास.

"तांबड्याले असली, मले नकली," तू म्हणालास. "वर्षभर राबलो तर दोघंबी सारखंच."

सगळे हसले. तूही हसलास. पण ताटात पोळी तशीच ठेवून तू शेताकडे निघून गेलास, तेही मी पाहिलं. सणाच्या दिवशी शेतात कोणी जात नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही. मी म्हणायची, थोडे महिने कळ काढ, जीभ विसरते. तोवर ही नकली गोडी आधाराला. तू म्हणायचास, जीभ विसरत नाही, आणि नकलीने तर जास्त आठवण येते. मी म्हणायची, तू प्रयत्नच करत नाहीस. तू म्हणायचास, तुले शुगर होऊन पाह्य.

डॉक्टरांनी तुला आणखी एक सांगून ठेवलं होतं, जे तुला सांगायलाच नको होतं. गोळ्या घेऊन जेवण चुकलं तर शुगर एकदम उतरते, घाम फुटतो, हात कापतात, तेव्हा ताबडतोब साखर तोंडात टाका. झालं! त्यानंतर बाजारात जिलेबीची कढई दिसली की तुला घाम फुटायचा. "निमे, डोयापुढं अंधारी येऊन राह्यली," म्हणत तू बरोबर त्याच दुकानाच्या बाकावर बसायचास. ओट्यावर काल-परवा लोकांनी हसत सांगितला तो हाच किस्सा. मीही तेव्हा हसले होते, खोटं कशाला बोलू. फक्त वहिनी हसत नव्हती. ती म्हणायची, एखाद्या दिवशी खरं होईल आणि कोणी धावणार नाही.

ते वांग्याच्या शेतात झालं. भाजी न्यायची गाडी लवकर आली म्हणून तू शुगरची गोळी घेतलीस आणि न खाता तोडणीला लागलास. घाम फुटला, हात कापायला लागले. खिशात डबी होती. तू ती डबी दाबत सुटलास, मूठभर गोळ्या तोंडात टाकल्यास आणि चावत बसलास. गोड ते गोड, असं तुला वाटलं असणार. पलीकडच्या ओळीतून वहिनीने पाहिलं, आणि तिला वाटलं तू नाटक करतोयस. मग तू काहीतरी बोललास आणि ते बोलणं तिला कळेना, तेव्हा ती पळाली. तिच्या शिदोरीत भाकरीबरोबर गुळाचा खडा होता. तो तिने तुझ्या तोंडात घातला आणि हाताने जबडा धरून ठेवला. थोड्या वेळाने तू उठून बसलास.

मी दुसऱ्या दिवशी आले ती भांडायच्या तयारीनेच. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. तू बाजेवर बसला होतास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "तोंडाले गोड लागत होतं वं. मूठभर खाल्ल्या. आंगाले काहीच नाही लागलं. आंगाले फसवता येत नाही."

मी पिशवी खाली ठेवली आणि तुझ्या शेजारी बाजेवर बसले.

त्यानंतर तू खरंच बदललास. नाटकं बंद केलीस. वेळेवर जेवू लागलास, सकाळी नाल्याच्या पुलापर्यंत चालून यायला लागलास. तुझ्या मुलाने, अमोलने, तुला बोट टोचून शुगर पाहायची मशीन आणून दिली, तर त्या मशीनचाही तुला छंद लागला. येईल त्या पाहुण्याला "आन बोट" म्हणायचास. मीही आले की आधी तेच, चहापाणी नंतर. मी हात पदराखाली घालायची. मला काय झालंय, म्हणायची. शाळेत दिवसभर उभी असते, चालते, बोलते, मला काही होत नाही. तू म्हणायचास, "भेते का वं?" आणि मी खरंच भीत होते की काय कोण जाणे.

तू एवढं सगळं केलंस आणि त्या बदल्यात एकच मागायला लागलास. नकली नको. वर्षातून एक असली दे, गुंजभर, बहिणीच्या हातची. बाकी काही मागत नाही.

मी ऐकलं नाही. एकाचे दोन होतात, दोनाचे चार, हे मी तुझ्याच गुळाच्या ढेपेवरून शिकले होते. प्रत्येक राखीला, प्रत्येक भाऊबीजेला मी नवीन काहीतरी शोधून आणायची. अंजिराच्या वड्या आणल्या. चिखलीच्या दुकानातली बिनसाखरेची बर्फी आणली. एका वर्षी नर्सरीतून साखरेसारख्या गोड पानांचं एक रोप आणलं, ते तू विहिरीजवळ लावलंस आणि मेथीपेक्षा जास्त जपलंस. भाऊबीजेला मी तुझ्या तोंडात त्याचं पान घातलं. आधी गोड, मग कडू. तू नीट चावून खाल्लंस आणि "बरं हाये" म्हणालास, पाहुण्यांच्या घरच्या अळणी भाजीला म्हणतात तसं. या सगळ्या वर्षांत तू मला अर्धा मात्र कधी दिला नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "नकली काय वाटून खायचं?"

ते मला लागलं होतं. तुला कधी बोलून दाखवलं नाही.

यंदाच्या राखीला पुन्हा बर्फीच होती. तू ती गालात धरलीस आणि म्हणालास, "निमे, सौदा कर. भाऊबीजेपर्यंत आकडा ताब्यात ठेवतो. मंग एक असली पेढा. कबूल?"

तू वाळला होतास, सदरा खांद्यावरून उतरत होता. मला भांडावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "कबूल. पण रोज आकडा सांगायचा."

"आन बोट तुहं, पक्कं करू."

मी हात मागे घेतला. तू हसलास. मी त्या दिवशी सारखी माठाकडे जात होते आणि तू ते बघत होतास, एवढं मला आठवतं.

मग रोज सकाळी तुझा फोन. मी शाळेत जायच्या गडबडीत असायची. फोन उचलून म्हणायची, "बोल, किती?" तू आकडा सांगायचास आणि फोन बंद. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. आकडा चांगला असला की आवाज चढलेला असायचा, मग स्टाफरूममध्ये मीच सगळ्यांना सांगायची. हळूहळू तो चांगलाच येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, आता जेवणाबरोबर एखादा छोटा पेढा खाल्ला तर काही बिघडत नाही. तू ते वाक्य मला फोनवर दोनदा म्हणून दाखवलंस.

आता तुला न सांगितलेली गोष्ट सांगते.

दादा, मलाही शुगर निघाली. राखीहून परत आल्यावर तहान वाढतच गेली, वर्गात बोलताना घसा कोरडा पडायचा, पाय दुखायचे. एकटीच जाऊन तपासून आले. रिपोर्ट हातात आला तेव्हा पहिला विचार तुझाच आला, आणि तो असा की हे आता याला कसं सांगायचं. फोनवर सांगितलं असतं तर तू आधी पोट धरून हसला असतास. हसणं मी सोसलं असतं. पण फोन ठेवल्यावर तू घोर लावून घेतला असतास आणि तुझा आकडा बिघडला असता. म्हणून ठरवलं की भाऊबीजेला सांगू, समोरासमोर. तुझ्या तोंडात असली पेढा घालू आणि मग सांगू. तोंडात पेढा असताना माणूस फार बोलू शकत नाही.

आणि मला हेही सांगायचं होतं, की जीभ विसरत नाही. चिखलीच्या स्टँडसमोर संध्याकाळी जिलेबी तळतात. इतकी वर्षं मी तिथून गेले, वास कधी लक्षातही आला नाही. आता रस्ता ओलांडून पलीकडून जाते. मागच्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीने वाढदिवसाची चॉकलेटं वाटली. माझं चॉकलेट मी पर्समध्ये टाकलं आणि दिवसभर ते पर्समध्ये आहे एवढंच मला माहीत होतं. शिकवलं काय ते आठवत नाही. चहात मी तीच डबी दाबते. गोडी उशिरा येते आणि हालत नाही, हे तुझं अगदी बरोबर होतं. पण एवढ्यावर तू वाद जिंकलास असं समजू नकोस. ती डबी नसती तर मी केव्हाच त्या जिलेबीच्या कढईसमोर जाऊन उभी राहिले असते. याच्यावर आपण भाऊबीजेला बसून नीट भांडणार होतो. तुझ्याशी भांडायला मला आता तुझ्याच बाजूचे दोन-तीन मुद्दे सुचले होते, ते सांगायचे होते.

त्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला. तुझाच नंबर. माझ्या एका हातात डबा होता. मी फोन खांद्याशी धरला आणि म्हटलं, "बोल, किती?"

पलीकडे अमोल होता.

चालायला निघताना बाजेवर बसून बूट घालत होतास म्हणे. एक घातला होता.

काल दुपारी सोयऱ्यांनी आधी वहिनीला घास भरवला, मग तीच वाटी घेऊन प्रत्येकाच्या तोंडात घास घालत घालत माझ्यापर्यंत आली. मी तोंड मिटून बसले. कोणीतरी मागून म्हणालं, "घ्या ताई, या घासाले नाही म्हनू नाही." वहिनी हात पुढे करून उभीच. माझ्यासमोर ते बोट, त्यावर शिरा, आणि मागे तू फोटोत.

"वहिनी," मी म्हटलं, "मले शुगर हाये."

वहिनीचा हात तिथेच थांबला. तिने विचारलं, "त्यायले माहीत होतं?"

"नाही. भाऊबीजेले सांगणार होती."

तिने वाटी खाली ठेवली आणि आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात एक खोकं होतं, न उघडलेलं. शुगर पाहायची मशीन, नवी.

"राखीच्या दुसऱ्याच दिवशी अमोलले आणायले लावली," ती म्हणाली. "म्हणे, निमी पाणी लय पिऊन राह्यली, मी पेत होतो तसंच. इचारलं तर भांडन. भाऊबीजेले हेच ओवाळणीत टाकतो. ओवाळणीले नाही म्हनता येत नाही. मंग पाह्यतो, बोट कशी देत नाही ते."

तिथे मी रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, मोठ्याने. मी तुझ्यापासून लपवत होते आणि तू माझ्यापासून. तुला माहीत होतं, दादा. रोज सकाळी आकडा सांगून फोन बंद करायचास तेव्हाही माहीत होतं. तू तुझा आकडा पेढ्यासाठी सांभाळत होतास असं मी समजत होते. मला आता वाटतं, तू मला दाखवत होतास की जमतं.

वहिनीने शिऱ्याचा अगदी कण उचलला. "गुंजभर घ्या," ती म्हणाली. "ते म्हनत तसं." मी घेतला. जिभेवर टेकला तोच गोड लागला. वाट पाहावी लागली नाही.

मग तिने गुळाचा एक खडा कागदात बांधून माझ्या पर्समध्ये टाकला. "हा जवळ ठेवजा. घाम फुटला का हाच खायचा. अन् गोळ्याची डबी दुसऱ्या खणात ठेवजा, बाई. त्यायच्यासारखी अदलाबदल करू नका." हे म्हणताना ती हसली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले.

आज दुपारच्या एसटीने मी परत निघतेय. सगळे सोयाबीनवर गेलेत, ढग आलेत म्हणून. अमोल मात्र थांबला होता. मी त्याला म्हटलं, खोकं उघड. तुझ्या फोटोसमोर सतरंजी टाकून आम्ही दोघं बसलो. तो सुई हातात घेऊन घुटमळत होता. "आत्या, दुखन थोडं." मी म्हटलं, "टोच." आणि बोट पुढे केलं. पदराखाली लपवलेलं तेच बोट. तू बघितलंस ना?

आकडा मी सांगणार नाही. तू तो टपरीवर सांगत सुटशील.

भाऊबीज अजून लांब आहे, आणि यंदा या घरात दिवा लागणार नाही. म्हणून ठरलेलं आजच करून जाते. येताना चिखलीहून एकच पेढा आणला होता, इतके दिवस पर्समध्ये होता. थोडा सुकलाय. फोटोच्या खाली ठेवलाय, दादा. असली आहे. सगळा खा. माझा अर्धा काढून ठेवू नकोस, मला आता चालत नाही.